मुंबई नेमकी कुठे आहे?

मागच्या व्याख्यानात आपण 'मिलिंदप्रश्ना'तल्या रथापाशी थांबलो होतो. नागसेन राजाला विचारतो, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. आज हाच प्रश्न मुंबईला विचारून बघू. डोंबिवलीचा माणूस पुण्यात 'मी मुंबईचा' म्हणतो आणि दादरला गेला की 'मी डोंबिवलीचा' म्हणतो. दोन्ही वेळा तो खरंच बोलत असतो.

सात बेटं आपण शाळेत पाठ केलेली आहेत: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. १५३४ साली पोर्तुगीज, १६६१च्या विवाहकरारात इंग्रजांचा राजा, १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनी. सनावळी इथेच सोडू. आपल्याला हवंय ते पुढचं. अठराव्या शतकाच्या अखेरीस वरळीची खाडी बांध घालून अडवली, तो हॉर्नबी वेलार्ड. भरतीचं पाणी आत यायचं थांबलं आणि बेटांमधली खाजणं हळूहळू वस्तीची जमीन झाली. पण समुद्र बाहेर ठेवला म्हणून जमीन उंच होत नाही! बेटांमधला तो सखलपणा राहिलाच. जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की पाणी साचतं, ते बरंचसं अशाच सखल भागांत. नकाशावरून पुसलेली खाडी जमिनीतून पुसली गेलेली नसते.

१८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. शहर आधी वाढलं आणि रेल्वे मागून आली, अशी आपली समजूत असते. मुंबईच्या उत्तर भागापुरतं तरी ते उलट आहे. तीन बाजूंना पाणी, वाढायला वाट एकच, आणि त्या वाटेवर रूळ आधी पडलेले. म्हणून हे शहर वर्तुळासारखं पसरलं नाही, दोन बोटांसारखं लांबलं: एक विरारकडे, दुसरं कल्याणकडे, आणि कल्याणला त्यालाही फाटा, कसारा नि कर्जत. पालिकेची हद्द १९५० आणि १९५७ मध्ये वाढवून दहिसर-मुलुंडपर्यंत नेली आणि तिथेच थांबली. माणसं थांबली नाहीत.

वाढीला दुसरी दिशा देण्याचा एक विचारपूर्वक प्रयत्न झाला. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर सुचवलं. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. सरकारनं आपली कचेरीच पलीकडे हलवावी, म्हणजे बाकीचे मागोमाग जातील, ही कल्पनेतली कळीची गोष्ट होती. मंत्रालय जागचं हललं नाही, आणि त्याच काळात नरिमन पॉइंटला भराव घालून मनोरे उभे राहिले. डाव्या हातानं लिहायचं आणि उजव्या हातानं पुसायचं, दुसरं काय म्हणणार याला? ज्यांची भातशेती आणि मिठागरं या नव्या शहरासाठी गेली, त्यांना दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १९८४ मध्ये जासईला रस्त्यावर उतरावं लागलं. तिथे गोळीबार झाला, माणसं गेली. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्यानंतरची आहे.

आता आकडे. मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे जुन्या बेटाची, लोकसंख्या २००१ मध्ये ३३ लाखांवर होती, ती २०११ मध्ये ३१ लाखांच्या आत आली. उपनगर जिल्हा ९३ लाखांवर गेला. ज्या भागाचं नाव सगळ्यांना लागलं, तोच रिकामा होतोय. भोवती महानगर प्रदेश आहे, त्यात नऊ महापालिका, आणि बृहन्मुंबईची हद्द त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान.

आणि पाणी? मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी पालिकेच्या हद्दीत दोनच, विहार आणि तुळशी. तानसा आणि भातसा ही शहापूर तालुक्यातली धरणं. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो. बाईच्या डोक्यावर हंडा आणि शेजारून मुंबईची जलवाहिनी, हे तिथलं नेहमीचं चित्र आहे.

नागसेनाच्या रथात चाक काही बोलत नाही. इथे प्रत्येक भाग माणसांचा आहे, त्यामुळे 'मुंबई कुठे आहे' हा प्रश्न 'मुंबईचं कोण ठरवणार' असा होतो. फोर्टात दिवस काढणारा डोंबिवलीकर मुंबई पालिकेला मत देत नाही, शहापूरची बाई तर नाहीच. यावर राज्यघटनेत एक वाट आहे. १९९२च्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीनं महानगर नियोजन समिती सांगितली. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य पालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडायचे असतात. प्रत्यक्षात मोठे पूल, मेट्रो, रस्ते ठरवतं ते राज्य सरकारचं प्राधिकरण. त्या समितीचं नाव या सभागृहातल्या किती जणांनी ऐकलंय, जरा हात वर करा बघू.