सासूबाईंची गोळी आणि माझी परीक्षा

मी वर्गात शिरले तेव्हा सगळी मुलेमुली उभी राहिली. त्यांना वाटले, नव्या बाई आल्या! मी मुकाट्याने शेवटच्या बाकावर जाऊन बसले, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आले की ही बाई शिकवायला नव्हे, शिकायला आली आहे. पाच मिनिटांनी खरे सर आले. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. माझे ४९. हजेरी घेताना माझ्या नावापाशी ते जरा अडखळले आणि "मॅडम" म्हणाले. मी "हजर, सर" म्हटले, आणि वर्गात जी खसखस पिकली तिने माझी निम्मी भीड मोडली. दुसऱ्या आठवड्यापासून मी साऱ्या वर्गाची काकू झाले. पुढे सरही काकूच म्हणू लागले.

पुण्यातल्या एका महाविद्यालयात मोबाइलची अ‍ॅप्स तयार करायला शिकवणारा हा संध्याकाळचा वर्ग. बाहेरच्यांनाही प्रवेश होता, म्हणून माझा शिरकाव झाला. "तुला या वयात हे काय सुचलं?" हा प्रश्न ह्यांच्यापासून भाजीवालीपर्यंत सर्वांनी विचारला. त्या वेळी मी हसून वेळ मारून नेली. आज सांगते.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. आमच्या सासूबाई ८१ वर्षांच्या. रात्री नऊला त्यांची रक्तदाबाची गोळी असते. एके रात्री मी विचारले, "आई, गोळी घेतलीत ना?" त्या म्हणाल्या, "घेतली वाटतं." मी घाईत होते. 'वाटतं' म्हणजे घेतली नसणारच, असे धरून मी दुसरी गोळी त्यांच्या हातावर ठेवली, पाणी दिले आणि ओटा आवरायला गेले. पहाटे न्हाणीघरात त्यांना घेरी आली आणि त्या पडल्या. मनगट मोडले. डॉक्टरांनी रक्तदाब फार उतरल्याचे सांगितले आणि गोळ्यांचे विचारले, तेव्हा सासूबाई माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "माझीच चूक झाली हो." प्लॅस्टर निघेपर्यंत मी रोज त्यांची वेणी घालत होते, आणि ते वाक्य रोज आठवत होते.

गोळ्यांची आठवण करणारी अ‍ॅप्स मिळतात, नाही असे नाही. मी चारपाच पाहिली. अक्षरे मुंगीएवढी, भाषा इंग्रजी, आणि मध्येच कसली तरी जाहिरात उडी मारून पुढे येते. तेव्हा म्हटले, आपणच करावे. अज्ञानात धैर्य फार असते!

आपल्याकडे पाटीवर श्रीगणेशा काढतात, तसा प्रोग्रॅमिंगमध्येही एक श्रीगणेशा आहे: पडद्यावर 'हॅलो, वर्ल्ड' ही दोन अक्षरे उमटवायची. कर्निगन आणि रिची यांच्या सी भाषेवरील १९७८ सालच्या पुस्तकाने ही चाल रूढ केली. मी 'नमस्कार' उमटवला. मुलगा बंगलोरला नोकरीस गेला तेव्हा त्याचा जुना लॅपटॉप घरी राहिला होता, त्यावर अँड्रॉइड स्टुडिओ नावाचा कारखाना बसवला. लॅपटॉप बिचारा थकलेला. लिहिलेल्या मजकुराचे अ‍ॅप बांधायला घेतले की इकडे कुकरच्या तीन शिट्ट्या होत, तरी त्याचे आपले चाललेलेच. पण जेव्हा माझ्या स्वतःच्या फोनवर 'नमस्कार' आला, तेव्हा मी ह्यांना झोपेतून उठवून दाखवला. ते म्हणाले, "छान," आणि कूस वळवून पुन्हा घोरू लागले.

आम्हाला शिकवली ती भाषा कोटलिन. गुगलने २०१७ साली तिला अँड्रॉइडसाठी मान्यता दिली आणि २०१९ पासून तिला पहिला मान दिला. ती मला तरी स्वयंपाकघरामुळे कळली. माहिती ठेवायला डबे असतात. काहींत एकदा भरलेली वस्तू बदलता येत नाही, काहींत येते. आणि काही डबे रिकामेही असू शकतात. इथेच माझा गोंधळ झाला. गोळीचे नाव न लिहिता बटण दाबले की माझे अ‍ॅप धाडकन बंद पडे. कारण काय, तर मी रिकाम्या डब्यात हात घालून साखर मागत होते! सरांनी सांगितले की ही 'काहीच नाही' दाखवणारी सोय टोनी होअर या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६५ साली आणली आणि २००९ साली त्यानेच तिला आपली अब्जावधी डॉलरची चूक म्हटले. कोटलिन त्यावर सतत टोकते: डबा रिकामा असेल तर काय करशील ते आधी सांग. आमच्या आजेसासूबाई म्हणे अशाच टोकत असत.

अक्षरांचा प्रश्न सोपा निघाला. फोनच्या सेटिंग्जमध्ये माणसाने अक्षर मोठे केले की आपल्या अ‍ॅपमधलेही आपोआप मोठे व्हावे, असे एक माप आहे, तेवढे वापरायचे. बटणही निदान नऊ मिलिमीटरचे असावे असा संकेत आहे. मी चांगले रुपयाच्या नाण्याएवढे केले. शेजारची मुलगी म्हणाली, "काकू, किती ओबडधोबड!" मी म्हटले, "बाळ, तुझं बोट अजून थरथरत नाही."

खरी कसोटी गजराची. अ‍ॅप तयार झाले, सासूबाईंच्या फोनवर चढवले. चार रात्री नऊच्या ठोक्याला गजर झाला. पाचव्या रात्री नाही. मी सारे लिखाण तीनदा वाचले, चूक सापडेना. शेवटी सरांनी विचारले, "काकू, फोन मध्ये बंद पडला होता का?" पडला होता. दुपारी बॅटरी संपली, मग सासूबाईंनी चार्जिंगला लावून चालू केला. झाले! फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला की अ‍ॅपने लावलेले सगळे गजर अँड्रॉइड पुसून टाकते. फोन जागा झाल्याची वर्दी आधी आपण मागून घ्यायची आणि ती आली की गजर पुन्हा लावायचा. शिवाय २०१५ सालच्या सहाव्या आवृत्तीपासून टेबलावर निपचित पडलेला फोन बॅटरी वाचवण्यासाठी पेंगतो आणि कामे पुढे ढकलतो. आणि २०२१ सालच्या बाराव्या आवृत्तीपासून अगदी ठरल्या मिनिटाला गजर हवा तर वेगळी परवानगी लागते. त्या एका गजरापायी मी दोन आठवडे घालवले. वर्गातली मुले तोवर खेळ आणि हवामानाची अ‍ॅप्स करून मोकळी झाली होती.

मग गजर चुकेनासा झाला. चौदा दिवस पडद्यावर चौदा हिरव्या खुणा. मी सुखावले. पंधराव्या दिवशी सहज पाकिटातल्या गोळ्या मोजल्या, तर तीन जास्त!

"आई, या तीन कशा उरल्या?"

"अगं, टीव्हीवर कीर्तन चाललं होतं आणि ते मेलं वाजायचं थांबेना. म्हणून दाबलं 'घेतली'."

"पण घेतली नव्हती ना?"

"नंतर घेणार होते. मग राहिलं."

मी मटकन खाली बसले. अ‍ॅपमध्ये एकही चूक नव्हती. बटण दाबल्याची नोंद त्याने इमानेइतबारे केली होती. पण बटण दाबणे म्हणजे गोळी घेणे, हे मीच गृहीत धरले होते. जानेवारीत 'वाटतं' या शब्दाचे धरले होते, अगदी तसेच.

त्या रात्री मी ते बटण काढून टाकले. सात कप्प्यांची आठवड्याची डबी आणली, ती दर शनिवारी मी भरते. आता नऊ वाजले की घंटा होत नाही, बंगलोरहून चिरंजीवांनी पाठवलेला आवाज येतो: "आजी, गोळी घे. आणि मला सांग, डबीत किती उरल्या?" आकडा दाबल्याशिवाय तो थांबत नाही, आणि आकडा कळायला डबी हातात घ्यावीच लागते. रविवारी सुरू केलेल्या डबीत बुधवारी रात्री तीन उरायला हव्यात. चार म्हटले तर पडदा सांगतो, आजची राहिली; दोन म्हटले तर सांगतो, आता घेऊ नका, सूनबाईंना बोलवा. सासूबाई पूर्वी प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. मोजायला सांगितल्याचा त्यांना राग आला नाही, उलट त्या फोनलाच उत्तर देतात, "तीन रे बाबा, तीन!"

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. माझे अ‍ॅप दोन मिनिटे उलटेसुलटे करून त्यांनी विचारले, "आजींनी बरोबर आकडा दाबला, पण गोळी खिडकीबाहेर टाकली तर?"

"तर माझ्या प्रोग्रॅमला ते कळणार नाही," मी म्हटले. "म्हणून मी नवाच्या सुमारास त्यांच्या खोलीत जाऊन बसते."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिले. मी उत्तीर्ण झाले, एवढे सांगते; गुण ह्यांनाही सांगितलेले नाहीत.

आता वरच्या मजल्यावरच्या काकूंना ते अ‍ॅप हवे आहे. मुलगा म्हणतो, पंचवीस डॉलर एकदा भर आणि प्ले स्टोअरवर ठेव, हजारो लोक घेतील. मी अजून धजत नाही. आमच्या घरी गजर चुकला तर मी आहे. अनोळखी घरात कोण असेल? वरच्या काकूंच्या फोनवर मात्र मी परवा जाऊन ते बसवून आले. त्यांची सून कामावरून साडेनऊला परतते, तेव्हा गोळीची वेळ दहाची ठेवली. काकूंना मोतीबिंदू आहे, आणि काळ्या अक्षरांपेक्षा काळ्यावर पिवळी अक्षरे त्यांना अधिक स्पष्ट दिसतात म्हणे. चकलीची भाजणी दळून आणायची आहे, पण आधी ती अक्षरे पिवळी करते.