श्रीनगरवरची सहा सेबर

किशोरांसाठी लिहिलेलं फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग शेखों यांचं चरित्र तपासणीसाठी माझ्याकडे आलं, त्यात एक वाक्य होतं: ‘शेखोंनी एकट्यानं सहा सेबर विमानांशी झुंज देत दोन पाडली.’ हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. प्रजासत्ताक दिनाच्या भाषणांत ते असतं, स्नेहसंमेलनातल्या नाटुकल्यांत असतं. मी त्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढली आणि परमवीर चक्राचं अधिकृत प्रशस्तिपत्र काढून बसले.

प्रशस्तिपत्र छोटं आहे. आंतरराष्ट्रीय करारामुळे पाकिस्तानशी युद्ध सुरू होईपर्यंत श्रीनगरला हवाई संरक्षणाची विमानं ठेवलेली नव्हती. त्यामुळे शेखोंना तो मुलूख अनोळखी होता, तिथल्या उंचीची आणि हिवाळ्याची सवय नव्हती. १४ डिसेंबर १९७१ रोजी तळावर हल्ला झाला तेव्हा ते नॅट हे लढाऊ विमान घेऊन सज्ज होते, पण नुकत्याच उडालेल्या पुढच्या विमानाच्या धुळीमुळे त्यांना लगेच निघता आलं नाही. धावपट्टी मोकळी होईतो किमान सहा सेबर डोक्यावर आली होती, तळावर गोळीबार चालू होता. तरी ते उडाले, एका जोडीला भिडले आणि दोन विमानांचं त्यांनी नुकसान केलं. मग झाडांच्या शेंड्याइतक्या उंचीवर झुंज झाली, आणि शेवटी संख्येपुढे ते कमी पडले. पाडल्याचा उल्लेख कुठेच नाही. भारतीय हवाई दलातलं आजवरचं एकमेव परमवीर चक्र ज्या कागदानं दिलं, त्या कागदाला दोन विमानं पाडण्याची गरज भासली नव्हती.

मग पलीकडची बाजू. पाकिस्तानी कथनानुसार २६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची सेबर पेशावरहून आली. विंग कमांडर शर्बत अली चंगेझी नेतृत्व करत होते. चार विमानं बॉम्ब घेऊन होती, दोन त्यांच्या रक्षणाला. रक्षणाच्या जोडीतल्या सलीम बेग मिर्झा यांनी शेखोंचं नॅट पाडलं आणि सगळी सेबर परतली. दोन्ही कागद शेजारी ठेवले की लक्षात येतं, भांडण आपल्याला वाटतं तेवढं नाहीच. तोफेचे गोळे लागलेलं विमानही घरी पोचू शकतं. त्याच युद्धाच्या तोंडावर, २२ नोव्हेंबर १९७१ ला, बोयराच्या आकाशात नॅट विमानांनी तीन सेबर टिपल्याचा दावा होता. दोन आपल्या हद्दीत पडली, त्यांचे वैमानिक कैद झाले. तिसरं जखमी अवस्थेत ढाक्याला पोचलं.

हवाई लढाईत आकडे फुगतात ते खोटेपणामुळे नव्हे. एकाच विमानावर दोघे गोळ्या झाडतात, धूर दिसतो, पुढच्या क्षणी स्वतःचा जीव वाचवायला वळावं लागतं. १५ सप्टेंबर १९४० ला ब्रिटिशांनी १८५ जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं. युद्धानंतर जर्मन नोंदी मिळाल्या, तेव्हा खरा आकडा साठच्या आसपास निघाला. त्या दिवसाचं महत्त्व त्यानं कमी झालं नाही.

हे सगळं लेखकांना फोनवर सांगितलं. ते निवृत्त शिक्षक, वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे. ‘ताई,’ ते म्हणाले, ‘मुलांचं पुस्तक आहे. शत्रूचे कागद वाचून आपल्या शहिदाचं मोल ठरवायचं का?’ प्रश्न कळकळीचा होता. मी त्यांना स्क्वाड्रन लीडर अज्जमाड बोपय्या देवय्यांबद्दल विचारलं.

७ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानातल्या सरगोध्यावर गेलेली आपली मिस्टेअर विमानं परतली, देवय्या परतले नाहीत. आपल्याकडची नोंद एवढ्यावर थांबली. १९७९ मध्ये जॉन फ्रिकर या ब्रिटिश लेखकाचं पुस्तक आलं. ते लिहिलं होतं पाकिस्तानी हवाई दलाच्या बाजूनं. त्यातून कळलं की त्या दिवशी एका मिस्टेअरनं, वेगात कितीतरी सरस असलेलं एफ-१०४ स्टारफायटर पाडलं होतं. ते मिस्टेअर देवय्यांचं होतं हे पुढे जुळवून काढण्यात आलं आणि १९८८ मध्ये, मृत्यूनंतर २३ वर्षांनी, त्यांना महावीर चक्र मिळालं. शत्रूची नोंद देवय्यांसाठी ग्राह्य धरायची आणि शेखोंच्या वेळी फेकून द्यायची, हे मला जमणार नाही, असं मी सरांना सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘बाकीच्या खुणा पाठवा.’

बाकीच्या खुणांतली सगळ्यात महत्त्वाची फ्लाइट लेफ्टनंट घुमन यांच्याविषयी होती. पुढे उडालेलं नॅट त्यांचं. हस्तलिखितात ते शेखोंना ‘सोडून गेले’ होते. दोन शब्दांत एका माणसावर केवढा ठपका! धूळ आणि धुकं होतं, विमानं जमिनीलगत होती आणि जोडीतल्या दोघांची दृष्टिभेट तुटली. नोंदी एवढंच सांगतात, तेवढंच छापावं. सेबरचे वैमानिक ‘भ्याड’ होते हेही मी काढायला सांगितलं. विमानविरोधी तोफा चालू असताना शत्रूच्या तळावर झेपावणारा माणूस भ्याड नसतो, आणि भ्याडांशी लढण्यात शेखोंचा तरी काय मोठेपणा? कॉकपिटमध्ये शेखोंना पत्नीची आठवण आली, असा एक परिच्छेद होता. तो मी अख्खा खोडला. त्यांचा मृतदेहही सापडला नाही. त्यांच्या मनात काय होतं हे सांगायचा अधिकार आपल्याला कुठून आला? जन्मवर्ष काही ठिकाणी १९४३, काही ठिकाणी १९४५ मिळतं. वायरलेसवरचं त्यांचं अखेरचं बोलणं वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं जातं, म्हणून अवतरणचिन्हं काढून आशय ठेवला.

त्या प्रकरणाचा नवा खर्डा आला, त्यात पाडलेल्या विमानांची संख्या नव्हती. त्याऐवजी सरांनी धुळीवर जवळजवळ पानभर लिहिलं होतं. उड्डाण घेणाऱ्या विमानाकडे ना वेग असतो ना उंची, त्याला वळून निसटताही येत नाही. वर सहा विमानं घिरट्या घालत असताना तो वैमानिक ती धूळ बसायची वाट पाहतो आणि मग थ्रॉटल पुढे ढकलतो. हे पान आधीच्या खर्ड्यात नव्हतं आणि पुस्तकातलं सर्वांत चांगलं पान हेच आहे. मी त्यावर एकच शंका लिहिली: ‘पारा शून्याखाली सात अंश’ हा आकडा कुठून घेतला?