चिटणिसांची नात

आरुषी तलवारचा जन्म २४ मे १९९४ चा. माझी मुलगी तिच्याहून काही महिन्यांनी धाकटी. तेवढ्या एका कारणाने असेल, पण आमच्या घरात त्या मुलीची कधी ‘केस’ झाली नाही. ती आरुषीच राहिली.

मी रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीत, एका पोलाद कारखान्याच्या तपासणी विभागात काम करते. माहेर नागपूरचं. छत्तीसगडात राहणारी आम्ही मराठी माणसं कुणाचंही आडनाव ऐकलं की आधी ‘आपल्यातले का’ हे पाहतो. आरुषीच्या आईचं, नूपुर यांचं, माहेरचं आडनाव चिटणीस हे कळलं तेव्हा माझंही तेच झालं. आजोबा भालचंद्र चिटणीस हवाई दलातून ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झालेले. आजी-आजोबा राहत होते नोएडाच्या सेक्टर २५ मधल्या जलवायू विहारमध्येच, हवाई दल आणि नौदलातल्या लोकांसाठी उभारलेल्या वसाहतीत. आरुषीचं घरही तिथेच. आई-वडील दोघेही दंतवैद्य, दिवसभर दवाखान्यात. मग शाळा सुटल्यावर आजीकडे जायचं, असा त्या मुलीचा रोजचा शिरस्ता. असं आजीकडे वाढणारं पोर आपल्या प्रत्येकाच्या नात्यात एक तरी असतं.

ती नोएडाच्या दिल्ली पब्लिक स्कूलमध्ये शिकत होती. चौदावा वाढदिवस जवळ आला होता. त्यासाठी मागवलेला डिजिटल कॅमेरा १५ मे २००८ रोजी घरी आला आणि आई-वडिलांनी तो वाढदिवसाची वाट न बघता त्याच रात्री तिला देऊन टाकला. तिने लगेच फोटो काढले. स्वतःचे, आई-बाबांचे. त्या रात्री तिचा तिच्याच खोलीत खून झाला. वाढदिवसाला नऊ दिवस राहिले होते. बातम्यांमध्ये तिला सर्रास चौदा वर्षांची म्हटलं गेलं, पण तिला चौदावं पूर्ण झालंच नव्हतं.

पुढच्या चोवीस तासांत जे घडलं, त्यातच हा खून न उलगडण्याची बीजं आहेत, असं माझं ठाम मत आहे. सकाळी कामवाली बाई आली, आरडाओरडा झाला, पोलिस आले. पण त्यांच्याबरोबर शेजारी आले, नातेवाईक आले, पत्रकार आले, कॅमेरे आले. खोलीत कोण शिरलं, कशाला हात लागला, याला धरबंद राहिला नाही. बोटांचे जे ठसे घेतले, त्यांतले बहुतेक निरुपयोगी ठरले. घरकाम करणारे हेमराज बंजाडे दिसत नव्हते, म्हणून संशयित तेच, असं ठरून गेलं. त्यांच्यावर वीस हजारांचं इनाम लागलं, त्यांच्या शोधात नेपाळकडे पथक रवाना झालं. गच्चीच्या दाराला कुलूप होतं. दारावर रक्ताचे डाग असूनही ते उघडलं गेलं नाही. रक्ताने भिजलेली गादी वर नेली, गच्ची बंद म्हणून शेजारच्या गच्चीवर टाकली, आणि तरीही कुणी त्या दारापलीकडे डोकावलं नाही. त्याच दिवशी आरुषीवर अंत्यसंस्कार झाले. दुसऱ्या दिवशी, १७ मे रोजी, कुलूप तोडलं तेव्हा हेमराज यांचा मृतदेह मिळाला. ज्यांच्यावर इनाम लावलं, ते सगळा वेळ डोक्यावरच्या गच्चीत होते.

२३ मे रोजी, म्हणजे वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, वडील राजेश तलवार यांना अटक झाली आणि उत्तर प्रदेश पोलिसांच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने पत्रकार परिषद घेतली. तीत त्या मुलीच्या चारित्र्याबद्दल बोललं गेलं. बोलताना त्यांनी तिचं नावही चुकवलं, आरुषीऐवजी ‘श्रुती’ म्हटलं. तेव्हाच्या केंद्रीय महिला व बालविकास मंत्री रेणुका चौधरी यांनी याचा जाहीर निषेध केला. पण तोवर ते बोलणं देशभर पोचलं होतं, आमच्या कारखान्याच्या कॅन्टीनपर्यंतही. मारेकरी न सापडणं हा तपासाचा पराभव आहे, तो एकवेळ समजून घेता येईल. स्वतःच्या बाजूने एक शब्दही बोलू न शकणाऱ्या मुलीची तिच्या वाढदिवसाच्या तोंडावर बदनामी करणं, याला मी दुसरा अन्याय म्हणते. त्याबद्दल कुणावर खटला चालला नाही.

महिनाअखेरीस तपास सीबीआयकडे गेला. पहिल्या पथकाचा संशय तीन नोकरांवर होता. त्यांच्या नार्को चाचण्या झाल्या, पण न्यायालयात टिकेल असं काही हाती न लागल्याने ते सुटले. (संमतीशिवाय अशी चाचणी करणं घटनाबाह्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०१० मध्ये दिला.) दुसऱ्या पथकाचा रोख आई-वडिलांकडे वळला. डिसेंबर २०१० मध्ये सीबीआयने पुरेसा पुरावा नाही म्हणून तपास बंद करण्याचा अहवाल दिला, पण त्यात वडिलांवर संशय ठेवला. आई-वडिलांनी स्वतःच त्या अहवालाला विरोध केला. दंडाधिकाऱ्यांनी अहवाल फेटाळला आणि त्याच्याच आधारे त्या दोघांवर खटला चालवायला सांगितलं. नोव्हेंबर २०१३ मध्ये गाझियाबादच्या विशेष न्यायालयाने जन्मठेप दिली. १२ ऑक्टोबर २०१७ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडलं. परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी पूर्ण होत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. एका न्यायमूर्तींनी तर खालच्या न्यायालयाने गणिताच्या मास्तरांसारखं गृहीत धरून उदाहरण सोडवलं, अशा अर्थाची कठोर टीका केली. या निकालाविरुद्ध सीबीआय सर्वोच्च न्यायालयात गेली आणि हेमराज यांच्या पत्नीही गेल्या. २०१८ मध्ये सीबीआयचं अपील दाखल करून घेतलं गेलं. ‘मग मारलं कुणी’ हे लोक मलाही विचारतात. उच्च न्यायालयाने ज्यांना सोडलं, त्यांच्याकडे बोट दाखवण्याचा मला अधिकार नाही, आणि ज्यांच्यावर आरोपपत्रही आलं नाही त्यांच्याकडे तर नाहीच नाही.

या सगळ्यात माझ्या डोक्यातून न जाणारी वस्तू म्हणजे उशीची एक जांभळी खोळ. ती त्या तिघांपैकी एकाच्या, तलवारांच्या दवाखान्यातल्या मदतनिसाच्या खोलीतून जप्त केलेली. हैदराबादच्या डीएनए प्रयोगशाळेच्या २००८ च्या अहवालानुसार तिच्यावर हेमराज यांचा डीएनए होता. हे खरं असेल तर सगळ्या प्रकरणाची दिशाच बदलते. २०११ मध्ये खुलासा आला की ती टंकलेखनातली चूक, दोन वस्तूंच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. पुढे उच्च न्यायालयातही हा मुद्दा गाजला.

आमच्या कारखान्यात भट्टीतल्या प्रत्येक हीटचा, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या पोलादाचा, नमुना येतो, दांडी असलेली पोलादाची चकती. तिला सगळे लॉलीपॉप म्हणतात. तिच्यावर हीट नंबर नसेल तर मी ती यंत्रावर ठेवत नाही, आणणारा कितीही ओळखीचा असो. कार्बन किती, मँगनीज किती, हे यंत्र बरोबरच सांगेल, पण तो आकडा कुठल्या सळईचा हे फक्त नंबरच सांगतो. बांधकामाच्या सळईसाठी आम्ही एवढी काळजी घेतो. गुन्ह्यातला पुरावाही असाच हातोहात जातो. आधी पंचांसमक्ष जप्ती, मग लाखेचं सील आणि चिठ्ठी, मग ठाण्यातला मालखाना, तिथून प्रयोगशाळा, आणि प्रत्येक टप्प्यावर नोंद. यातली एक कडी जरी सैल झाली, तरी चाचणी कितीही आधुनिक असो, वर्षांनंतर न्यायालयात नुसते वाद उरतात.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत यासाठी तरतूद आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आणि त्याचं चित्रीकरण करायचं. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांची मुदत आहे. झडती आणि जप्तीचंही चित्रीकरण आता बंधनकारक आहे. आमच्या नवा रायपूरमध्ये जून २०२५ मध्ये राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाच्या संकुलाची पायाभरणी झाली, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. पण घटनास्थळी सर्वांत आधी पोचतो तो हवालदारच. बघ्यांना बाहेर काढून दार ओढून घेणं आणि बंद गच्ची उघडणं ही कामं त्यालाच करावी लागतात.

आरुषी आपल्याला आठवते ती एका अर्थी ‘आपल्यासारख्या’ घरातली म्हणूनही, हे मान्य करायला हवं. तिच्यावर पुस्तकं आली, २०१५ मध्ये ‘तलवार’ सिनेमा आला. त्याच नोएडात, सेक्टर ३१ मधल्या निठारीत, डिसेंबर २००६ मध्ये एका बंगल्यामागच्या नाल्यातून मुलांच्या हाडांचे अवशेष निघाले होते. बहुतेक मुलं मजुरांची, घरकाम करणाऱ्या बायांची. दोन वर्षं मुलं एकामागून एक बेपत्ता होत होती आणि आपल्या तक्रारी कुणी मनावर घेत नाही, असं त्यांचे पालक सांगत होते. त्या प्रकरणांतही तपासातल्या गंभीर त्रुटी दाखवत उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये आरोपींना सोडलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या शेवटच्या खटल्यातही मुख्य आरोपीला मुक्त केलं. म्हणजे त्या मुलांचाही मारेकरी आज कायद्याच्या लेखी कुणी नाही. त्यांतल्या एकाही मुलाची जन्मतारीख आपल्याला ठाऊक नाही.

उरल्याच्या मजूर वस्त्यांमध्ये अशी मुलं खूप आहेत. बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबं, आई-वडील दोघेही पाळीवर. मूल घरी आलं नाही तर त्यांना पहिला सल्ला मिळतो, ‘सकाळपर्यंत थांबा, येईल.’ थांबू नये. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे की बेपत्ता मुलाची तक्रार आली की एफआयआर नोंदवायचाच, आणि अपहरण किंवा तस्करी झाली आहे असं धरूनच तपास सुरू करायचा. चोवीस तास थांबण्याची कुठलीही अट नाही. ११२ किंवा १०९८ वर लगेच फोन करता येतो. माझ्याबरोबर काम करणाऱ्या बायांना मी एवढंच सांगते, की मुलाचा अलीकडचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आज त्याने कुठले कपडे घातले आहेत ते बघून कामावर या, आणि ठाण्यातून एफआयआरची प्रत घेतल्याशिवाय उठू नका. ती प्रत मोफत मिळते.