लेझर-प्रक्षेपकाचा वीजपुरवठा

अंधाऱ्या खोलीत भिंतीवर प्रकाशाची रेषा धावू लागते, वळते आणि पाहता पाहता तिच्यातून एक तारका साकार होते. वस्तुतः तेथे रेषा नसून एकच तेजोबिंदू असतो. दोन चिमुकले आरसे, एक आडव्या व एक उभ्या दिशेने, त्यास इतक्या त्वरेने फिरवितात की डोळ्यास त्याचा मार्गच अखंड आकृतीसारखा भासतो. १९६० साली थिओडोर मेमन ह्यांनी माणकाच्या स्फटिकापासून पहिला लेझर-किरण मिळविला. आज लेझर-डायोड नखाएवढा असतो व हौशी विद्यार्थी असा प्रक्षेपक घरी जुळवू शकतो. त्यास वीज कशी पुरवावी, हा प्रश्न मात्र वाटतो तितका सोपा नाही.

घरातील वीज २३० व्होल्ट दाबाची असून तिची दिशा सेकंदास ५० आवर्तनांनी पालटते. प्रक्षेपकास अल्प दाबाचा एकदिश प्रवाह लागतो. शिवाय त्याच्या दोन मुख्य भागांची गरज अगदी भिन्न असते.

प्रथम लेझर-डायोडचा विचार करू. तांबड्या डायोडवर सुमारे २.४ व्होल्ट, तर निळ्यावर सुमारे ४.५ व्होल्ट दाब पडतो. परंतु नेमका तेवढा दाब देऊन भागत नाही. डायोड तापला की त्याच दाबास अधिक प्रवाह वाहतो, त्यामुळे तो आणखी तापतो व अखेरीस निकामी होतो. म्हणून मध्ये प्रवाह स्थिर राखणारे मंडल बसवावे लागते. ह्या मंडलास थोडा जादा दाब हवा असतो. मात्र साध्या प्रकारच्या मंडलात तो जादा दाब उष्णतेच्या रूपाने वाया जातो. तांबड्या डायोडमधून ०.७ अँपिअर प्रवाह जात असताना १२ व्होल्टचा पुरवठा वापरला, तर मंडलात सुमारे ६.७ वॅट उष्णता निर्माण होते. ५ व्होल्टचा वापरल्यास केवळ १.८ वॅट. निळ्या डायोडास मात्र ५ व्होल्ट अपुरे पडतात, कारण मंडलासाठी जेमतेम अर्धा व्होल्ट उरतो.

आरशांची गोष्ट निराळी. ते दोन्ही बाजूंस वळत असल्याने त्यांच्या प्रवर्धकास शून्याच्या वर व खाली असा दुहेरी दाब लागतो. प्रचलित संचांत तो १५ ते २४ व्होल्ट असतो. एकमेकांपासून विलग असे दोन समान पुरवठे घेऊन एकाचे धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकास जोडले, की तो सांधा शून्य ठरतो. आरसा झटक्याने वळताना क्षणभर पुष्कळ प्रवाह ओढतो. तेव्हा दाब घसरला, तर तारकेची टोके बोथट होतात. लेझरही त्याच पुरवठ्यावर असेल, तर प्रत्येक झटक्यासरशी त्याचा प्रकाश लुकलुकण्याचा संभव असतो. म्हणून दोहोंचे पुरवठे वेगळे ठेवावेत व प्रत्येकाची क्षमता गरजेहून काहीशी अधिक घ्यावी.

येथे एक गंभीर गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आरशांचा पुरवठा बंद पडून लेझर चालूच राहिला, तर विस्तीर्ण आकृतीवर पसरणारे सारे तेज एकाच बिंदूवर स्थिरावते. अर्ध्या वॅटहून अधिक शक्तीचा अखंड लेझर चौथ्या, म्हणजे सर्वांत धोकादायक, वर्गात गणला जातो. त्याचा किरण पापणी मिटण्यापूर्वीच डोळ्याच्या पडद्यास कायमची इजा करू शकतो. ह्यास्तव आरशांचा पुरवठा आधी व लेझरचा शेवटी सुरू करावा. बंद करताना क्रम उलटा. दुहेरी दाबाची एक बाजू गेली अथवा आरशांची हालचाल थांबली, तर लेझर आपोआप विझेल अशी योजनाही असावी.

धोका केवळ प्रकाशाचाच नाही. आधुनिक पुरवठ्यातील धारित्रांवर सुमारे ३२५ व्होल्ट दाब असतो व प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो. म्हणून नवशिक्याने पुरवठा स्वतः बांधू नये. भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह असलेला बंदिस्त पुरवठा घ्यावा, योग्य फ्यूज लावावा व धातूची पेटी भूमीशी जोडावी. आरशांची जुळणी शिक्षकांच्या देखरेखीखाली, १ मिलिवॅटपर्यंतच्या किरणावरच शिकावी आणि कोणताही किरण प्रेक्षकांच्या दिशेने कदापि सोडू नये. जो विद्यार्थी यंत्र कसे चालेल ह्याबरोबरच ते बिघडल्यास काय होईल, ह्याचाही विचार आधी करतो, त्याच्याच हाती हे साधन शोभते.