दलदलीतून शहरात आलेला ओक

दलदलीत वाढणारे झाड शहरातल्या रस्त्याच्या कडेला, तुडवलेल्या मातीत लावले तर ते जगेल का? "नाही" असे तुम्ही चटकन म्हणाल. पण अमेरिकेच्या पूर्व व मध्य भागातला पिन ओक हा वृक्ष तुमचे उत्तर चुकीचे ठरवतो. आपल्या हिमालयातला बांज ज्या 'क्वर्कस' प्रजातीत मोडतो, तिच्यातलीच ही एक जाती. शास्त्रीय नाव क्वर्कस पॅलुस्ट्रिस. पॅलुस्ट्रिस म्हणजे दलदलीतला. पुराचे पाणी साचणाऱ्या सखल जमिनीत हा वृक्ष मूळचा वाढतो. तरीही तिकडच्या शहरांत तो जागोजाग लावलेला दिसतो.

याचे रहस्य मुळांत आहे. मुळांनाही श्वसनासाठी प्राणवायू लागतो. दलदलीत मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरतात. शहरात माती दबून त्या पोकळ्याच नाहीशा होतात. कारणे वेगळी, परिणाम मात्र एकच : प्राणवायूची टंचाई! ती सोसण्याची क्षमता या झाडात आहे. शिवाय त्याची मुळे उथळ व तंतुमय असल्याने रोप एका जागेवरून काढून दुसरीकडे लावले तरी सहज रुजते.

मात्र एका बाबतीत हे झाड हार खाते. त्याला आम्लधर्मी माती हवी असते. सिमेंट आणि बांधकामाचा राडारोडा यांतील चुन्यामुळे शहरातली माती पुष्कळदा अल्कधर्मी बनते. अशा मातीत लोह असते, पण ते पाण्यात फारसे विरघळत नाही. मग मुळे ते शोषणार कसे? लोहावाचून हरितद्रव्य तयार होत नाही. जुन्या पानांतले लोह झाडाला नव्या पानांकडे सहसा नेता येत नाही, म्हणून कोवळी पाने आधी पिवळी पडतात; शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. उपाय झाला नाही तर फांद्या वाळू लागतात.

आपले शेतकरी या पिवळेपणाला 'केवडा' म्हणतात. चुनखडीच्या जमिनीतील ऊस, भुईमूग या पिकांवर तो दिसतो. त्यावर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, पाण्यात विरघळवून पानांवर फवारतात. पण साठ-सत्तर फूट उंचीच्या वृक्षावर फवारणी कशी करायची? म्हणून झाड लावण्यापूर्वीच माती तपासलेली बरी.

तुमच्या शाळेत वृक्षारोपण होईल तेव्हा खड्ड्यातली थोडी कोरडी माती घ्या. शिक्षकांच्या देखरेखीखाली तिच्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाका. माती फसफसली, तर तिच्यात चुनखडी आहे असे समजा आणि मगच रोप निवडा.