लोण्याविना ज्वारीची बिस्किटं

वणी तालुक्यातलं राजूर कोळशाच्या खाणीसाठी आणि चुन्याच्या भट्ट्यांसाठी ओळखलं जातं. पण तिथल्या घराघरातलं भाकरीचं ज्वारीचं पीठ बिस्किटांनाही फार छान. मैद्यातलं ग्लूटेन चिवट होऊ नये म्हणून लोणी, डालडा भरपूर घालावं लागतं. ज्वारीत ग्लूटेनच नाही. अडचण उलटी, बिस्किट भुरभुरतं. त्याला पिकलेलं केळं धरून ठेवतं.

दोन केळी कुस्करून त्यात दीड वाटी भाजलेलं पीठ, चार चमचे किसलेला गूळ, चमचाभर तीळ (वरून घातलेला स्निग्धांश तेवढाच), चिमूटभर मीठ घालून मळावं, बिस्किटं थापावीत. ओव्हन नसेल तर कढईत जाड मीठ तापवावं, स्टँडवर बिस्किटांची ताटली ठेवून झाकावं, मंद आचेवर वीसेक मिनिटं. कडा तांबूस दिसल्या की काढावीत. गरमपणी मऊच लागतात, गार झाल्यावर आवळतात. केळ्याचा ओलावा असतो, दोन दिवसांत संपवावीत.