चा-चा-चा : समेवर येणारं पाऊल

मी कोलकात्याहून बोलतेय. ‘आम्हाला नाचता येत नाही’ असं म्हणून लग्नात, पार्टीत भिंतीला टेकून उभे राहणाऱ्यांसाठी आजचा भाग आहे. आज आपण चा-चा-चाची मूळ पावलं शिकूया.

आधी हा नाच आला कुठून ते सांगते. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला क्यूबामध्ये, हवानातल्या नाचघरांत एन्रिके होरिन नावाचा व्हायोलिनवादक संगीतकार वाजवत असे. माम्बोच्या आडलयीत लोकांची पावलं अडखळतात, हे त्याच्या लक्षात आलं. मग त्यानं लोकांना नावं ठेवली नाहीत, आपलं संगीतच सोपं केलं आणि ठोका स्पष्ट ठेवला. नाचणाऱ्यांची पावलं जमिनीवर घासून जो आवाज येई, त्यावरूनच ‘चा-चा-चा’ हे नाव पडलं. त्याचं ‘ला एंगान्यादोरा’ हे गाणं १९५३ सालचं. म्हणजे ज्यांना जमत नव्हतं, त्यांच्यासाठीच हा नाच घडला. ‘जमत नाही’ ही सबब इथे चालणार नाही!

कोलकात्याला जोडीनं नाचणं नवीन नाही. पार्क स्ट्रीटवर १९५६ साली मोकॅम्बो सुरू झालं. तिथल्या रेस्तराँमध्ये बँड वाजत, त्यांत गोव्याचे वादकही असत. मुंबईत वाढलेल्या उषा उत्थुप १९६९ साली याच रस्त्यावरच्या ट्रिंकाजमध्ये साडी नेसून गायला लागल्या. आता हे नाच गल्लीबोळांतल्या क्लासमध्येही शिकवतात. आम्ही नवराबायको अशाच एका क्लासला गेलो. आमचे सर बंगालीत मोजतात : ‘दुई, तिन, चा-चा-चा.’

‘एक’पासून का नाही मोजत? तबला ऐकणाऱ्यांना हे पटकन कळेल. चार मात्रांचं आवर्तन समजा. दुसऱ्या मात्रेला एक पाऊल, तिसरीला एक. चौथ्या मात्रेचे दोन भाग करायचे, त्यात दोन पावलं. आणि पाचवं पाऊल पुढच्या ‘एक’वर, म्हणजे समेवर. तिहाई जशी समेवर येऊन पडते, तसं ‘चा-चा-चा’तलं शेवटचं ‘चा’ समेवर येतं.

आता उभे राहा. पुरुषानं डावा पाय पुढे टाकायचा : दोन. मागच्या उजव्या पायावर भार परत घ्यायचा : तीन. मग डावा पाय बाजूला, उजवा त्याच्याजवळ, पुन्हा डावा बाजूला : चा-चा-चा. आता उलट. उजवा पाय मागे, भार परत डाव्यावर, मग उजवा, डावा, उजवा. बाईनं दुसऱ्या अर्ध्यापासून सुरुवात करायची, म्हणजे आधी उजवा पाय मागे. तो पुढे येतो तेव्हा ती मागे जाते, त्यामुळे पाय तुडवले जात नाहीत.

तीन गोष्टी सांभाळा. पावलं लहान ठेवा, एका फरशीच्या आत. प्रत्येक पावलावर शरीराचा पूर्ण भार टाका. नुसता पाय टेकवला, तर पुढचं पाऊल कोणतं ते पायालाच कळत नाही. आणि कंबर मुद्दाम हलवू नका. भार घेतलेला गुडघा सरळ झाला की ती आपोआप हलते. एक पथ्यही पाळा : रबरी तळव्याचे बूट नकोत. वळताना ते जमिनीला धरून बसतात आणि गुडघा पिरगळतो.

पण आमच्यासाठी पावलांपेक्षा अवघड होतं ते हात धरणं. लग्नाला २६ वर्षं झाली, पण चारचौघांत आम्ही कधी हात धरला नव्हता. सत्यनारायणाच्या पूजेत हाताला हात लावायचा, तेवढाच. इथे मात्र हातानंच बोलायचं असतं. पुरुषानं ओढायचं नाही. स्वतः पुढे सरकायचं, तळहातातून ते बाईला कळतं. बाईनं हात सैल सोडला तर निरोप पोचत नाही, ताठ धरला तरी पोचत नाही. समोरच्याच्या हाताला हलका, जिवंत दाब परत द्यायचा. आणि नको वाटलं तर थांबायचं. त्यानं सुचवायचं आणि तिनं उत्तर द्यायचं, असा हा संवाद आहे. घरात फारसं न बोलणारे हे क्लासमध्ये एकदा हळूच म्हणाले, ‘पाऊल लहान घेऊ का?’ २६ वर्षांत असं विचारलेलं मला तरी आठवत नाही.

तर घरी रोज पाच मिनिटं करा. पहिले काही दिवस गाणं लावूच नका, तोंडानं मोजा. एकेकट्यानं पावलं बसली की मग समोरासमोर या. जोडीदार नसेल तर बहीण, मुलगा, शेजारीण, कुणीही चालेल. मोजणी तोंडातून सुटली आणि पायात उतरली की गाणं लावा. पुढच्या भागात आपण गिरकी शिकू.